गाठीतलं कोलेस्टेरॉल मोजताना: स्तनाच्या कॅन्सरच्या ऊतीवर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

आधी एक हिशेब मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका मिलिलिटरात २० लाख नॅनोग्रॅम. त्याच मिलिलिटरात २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, म्हणजे ऑक्सिजन जोडला गेलेलं कोलेस्टेरॉल (अशा रेणूंना ऑक्सिस्टेरॉल म्हणतात), असतं साधारण दीडशे नॅनोग्रॅम. एकाला तेरा हजार असं हे प्रमाण. आता टेबलावर उघड्या राहिलेल्या नळीत कोलेस्टेरॉलच्या दर दहा हजार रेणूंतल्या एकाला जरी हवेतला ऑक्सिजन लागला, तरी जवळपास २०० नॅनोग्रॅम ऑक्सिस्टेरॉल नव्याने तयार होतात. पेशंटच्या शरीरात होते त्याहून जास्त आपणच बनवतो आणि मशीन ते इमानेइतबारे मोजून देतं.

ऊतीत आकडे वेगळे असतात, अडचण मात्र तीच. म्हणून एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: आलेला आकडा गाठीतला आहे, आपल्या नळीतला नाही, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणारं मशीन, चालवायला महिन्याभरात जमतं. हे जमायला जास्त वेळ लागतो आणि त्यासाठीच हा लेख.

मोजायचं काय आणि कशासाठी

स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतांश गाठी इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे त्यांच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोन ज्याला जाऊन बसतं ते प्रथिन असतं. २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हा कोलेस्टेरॉलपासून सीवायपी२७ए१ या एंझाइमने बनणारा रेणू याच रिसेप्टरला जाऊन बसतो, हे २००७ पर्यंत स्पष्ट झालं होतं. २०१३ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या आणि डॅलसच्या साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरमधल्या अशा दोन गटांनी दाखवलं की उंदरांमध्ये तो अशा गाठी वाढवतो. डॅलसच्या गटाने पेशंटच्या ऊतीतही तो वाढलेला पाहिला, आणि जिथे तो जास्त तिथे त्याची विल्हेवाट लावणारं सीवायपी७बी१ हे एंझाइम कमी होतं. मग २०१७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने ओसीडीओ नावाचा आणखी एक रेणू समोर आणला. तो कोलेस्टेरॉलच्या ५,६-इपॉक्साइडपासून बनतो आणि गाठ वाढवायला मदत करतो. नेमका हाच इपॉक्साइड हवेत पडलेल्या कोलेस्टेरॉलपासून आपोआपही बनतो. म्हणजे गाठ जो माल तयार करते, तोच आपली निष्काळजी नळीही तयार करते. सुरुवातीच्या हिशेबावर मी एवढा जोर का दिला, ते इथे कळेल.

मोजायच्या गोष्टींचे तीन गट करा. पहिला, मुक्त कोलेस्टेरॉल, जे मुख्यतः पेशींच्या पटलात असतं. दुसरा, कोलेस्टेरिल एस्टर, म्हणजे फॅटी ॲसिडला जोडून थेंबांत साठवलेलं कोलेस्टेरॉल. ही जोडणी एसओएटी एंझाइम करतात. तिसरा, ऑक्सिस्टेरॉल. पहिला गट मायक्रोग्रॅममध्ये, तिसरा नॅनोग्रॅममध्ये. तिन्ही एकाच इंजेक्शनमध्ये मोजायचा मोह धरू नका.

तुमचा प्रश्न फक्त एकूण कोलेस्टेरॉलचा असेल तर मास स्पेक्ट्रोमीटरची रांग लावायचीही गरज नाही. एस्टरेज, ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेजवर चालणारं फ्लुओरेसन्सचं किट पुरतं. एस्टरेज घालून एक वाचन, न घालता दुसरं, दोन्हींतला फरक म्हणजे एस्टर. फक्त लक्षात ठेवा की त्या ऑक्सिडेजला कोलेस्टेरॉल आणि त्याच्या जवळची इतर स्टेरॉल यांतला फरक नीट कळत नाही.

गाठ हातात येण्याआधी

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि संमतिपत्र हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लागतंच. पण कागदावर सही घेणं आणि संमती घेणं यांत अंतर आहे. वॉर्डात एका मावशींनी मला विचारलं होतं, "यातून माझ्या आजाराचं मला काही कळेल का गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, तुमच्या उपचारात यामुळे काही बदलणार नाही. पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून मागतेय." त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं. हे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यायची तयारी ठेवा. ही तपासणी आज संशोधनापुरतीच आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल म्हणजे गाठीतलं नव्हे, आणि तुमच्या आकड्यावरून कुणी स्टॅटिन (रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू किंवा बंद करू नये.

ऊतीवर पहिला हक्क निदानाचा. तुकडा नेहमी पॅथॉलॉजिस्टच्या हातूनच घ्या, कडांना शाई लावून तपासायचा भाग ठरल्यावर. गाठ इतकी लहान असेल की निदानालाच कशीबशी पुरेल, तर ती सोडून द्या.

ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टर यांच्याशी आधीच, समोर उभं राहून बोलून घ्या. त्यांच्या हाताला काढलेली गाठ थेट फॉर्मेलिनच्या बरणीत टाकायची सवय असते आणि निदानासाठी तेच बरोबर आहे. तुमच्यासाठी मात्र तो तुकडा गेला. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे स्लाइडसाठी मेणात बसवलेली ऊती, तर विसराच. ब्लॉक बनवताना ऊती अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते आणि ही दोन्ही चरबी धुऊन नेतात. ब्लॉकमध्ये उरलेलं कोलेस्टेरॉल मोजणं म्हणजे धुतलेल्या कढईत भाजीचं तेल शोधणं.

तुकडा बर्फगार सलाइनमध्ये पटकन बुचकळून वरचं रक्त काढा, टिपकागदावर टेका, लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. रक्तात स्वतःचे एस्टर आणि स्वतःचं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे रक्ताळलेला तुकडा खोटं बोलतो. गाठ काढल्याची आणि गोठवल्याची वेळ लिहा. अर्ध्या तासाच्या आत हे व्हावं अशी माझी धडपड असते. एखाद्या दिवशी नाही जमलं तर खरी वेळ लिहा, सोयीची नव्हे. साठवण उणे ८० ला. पातळ काप घेण्यासाठी वापरतात ते ओसीटी जेल मोजायच्या तुकड्याला लावू नका. त्यातले पॉलिमर मास स्पेक्ट्रममध्ये सगळीकडे पसरतात. जेल लावायचंच असेल तर शेजारचा आरशासारखा तुकडा त्यासाठी वेगळा ठेवा.

चरबीचा सापळा

या टप्प्यावर मी स्वतः फसले आहे, म्हणून सविस्तर सांगते. माझ्या पहिल्या बॅचमध्ये गाठीचे तुकडे होते आणि त्याच बायकांच्या स्तनातले, गाठीपासून लांबचे 'नॉर्मल' तुकडे. कोलेस्टेरॉल मिलिग्रॅम ऊतीमागे काढलं. गाठीत कितीतरी जास्त! मी ग्राफ काढून गाइडकडे धावले. त्यांनी ग्राफकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "स्लाइड बघितलीस का?" बघितली नव्हती. आम्ही दोघी पॅथॉलॉजीत गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली 'नॉर्मल' म्हणून लेबल लावलेल्या तुकड्यात मोठमोठ्या रिकाम्या गोल पेशी होत्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी दोन-तीन नलिका चिमटीएवढ्या. म्हणजे तो तुकडा जवळजवळ सगळा चरबीचा होता. चरबीच्या पेशीचं बहुतेक वजन ट्रायग्लिसराइडचं. पटल त्या मानाने फार कमी. मी गाठ आणि निरोगी ग्रंथी यांची तुलना केलीच नव्हती. मी गाठ आणि लोणी यांची तुलना केली होती.

तेव्हापासून नियम असा. मोजायच्या प्रत्येक तुकड्याच्या लगतचा काप हेमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचा आणि पॅथॉलॉजिस्टकडून त्यात गाठीच्या पेशी किती टक्के, चरबी किती, तंतुमय भाग किती, मृत भाग किती, हे लिहून घ्यायचं. मृत भागातले आणि चरबी गिळून फुगलेले मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) एस्टरचा आकडा वर नेतात, तेही नोंदवायचं. निष्कर्ष निव्वळ वजनावर कधीच काढायचा नाही. सोबत प्रथिनं किंवा एकूण फॉस्फोलिपिड मोजायचे. मला फॉस्फोलिपिड जास्त पटतात, कारण मुक्त कोलेस्टेरॉल पटलात असतं आणि फॉस्फोलिपिड म्हणजे पटलाचंच माप.

वजन आणि अर्क

५० मिलिग्रॅमचा तुकडा पुरतो. आपल्याकडे पावसाळ्यात याचंही तंत्र सांभाळावं लागतं: जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत उणे ८० चा तुकडा काट्यावर ठेवला की दव धरून वजन डोळ्यांदेखत वाढत जातं. नळी आधी ड्राय आइसवर थंड करा, झाकण लावून तिचं वजन घ्या, तुकडा टाकून लगेच झाकण लावा, नळी बाहेरून पुसून पुन्हा वजन करा. वितळलेला तुकडा परत गोठवून वापरू नका.

कुस्करायच्या आधी अंतर्गत स्टँडर्ड, म्हणजे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेले तेच रेणू ठरलेल्या मापाने, घाला. आधी म्हणजे आधीच. ड्युटेरियम लावलेलं कोलेस्टेरॉल, एक-दोन ड्युटेरियमवाले एस्टर आणि ड्युटेरियमवालं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, जेवढं सापडेल असं वाटतं साधारण तेवढंच. पुढे अर्क सांडला, अर्धाच उचलला, पाऊण भाग कॉलमला (मशीनआधी रेणू वेगळे करणाऱ्या नळीला) चिकटला, तरी खऱ्या रेणूसोबत त्याचं जुळं भावंडही त्याच प्रमाणात हरवतं आणि गुणोत्तर टिकून राहतं. हिशेब असा. समजा ५ नॅनोग्रॅम स्टँडर्ड घातलं आणि ऊतीतल्या रेणूचं पीक (मशीनच्या आलेखावरचं टोक) स्टँडर्डच्या पीकच्या ०.८ पट आलं. दोघांचा प्रतिसाद सारखा असेल तर तुकड्यात ४ नॅनोग्रॅम. तुकडा ५० मिलिग्रॅमचा, म्हणजे ग्रॅममागे ८० नॅनोग्रॅम. अर्काचा किती भाग मशीनमध्ये गेला हे या हिशेबात कुठेच येत नाही, आणि तीच या पद्धतीची ताकद.

ऊती थंड मिथेनॉलमध्ये सिरॅमिक मण्यांनी कुस्करा. मिथेनॉलमध्ये बीएचटी हा अँटिऑक्सिडंट मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास आधीच मिसळलेला असू द्या. मग सगळं काचेच्या, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण असलेल्या नळीत ओता आणि मिथेनॉलच्या दुप्पट क्लोरोफॉर्म घाला. १९५७ पासून चालत आलेली ही फोल्शची पद्धत: क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१, ऊतीच्या २० पट. ५० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर. एवढ्या थोड्या द्रवात हात अवघडतो, म्हणून मी दुप्पट घेते. मग द्रवाच्या एक पंचमांश इतकं मिठाचं पाणी घालून हलवा आणि सेंट्रिफ्यूज करा. वर मिथेनॉल-पाणी, मध्ये प्रथिनांची पांढरी चकती, खाली क्लोरोफॉर्म. तुमचा माल खाली. काचेचं पाश्चर पिपेट हलकेच बुडबुडा सोडत चकतीच्या पार न्या आणि खालचा थर उचला. चकतीला धक्का लागला तर पुन्हा फिरवा, घाई करू नका.

क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि इतर प्लास्टिकमधूनही नको ते ओढून आणतो, म्हणून काच. नायट्राइलचे हातमोजे तो मिनिटांत पार करतो. थेंब पडला की मोजे लगेच बदला. काम फ्यूम हूडमध्येच. उरलेला क्लोरोफॉर्म हॅलोजनवाल्या कचऱ्याच्या बाटलीत आणि उरलेली ऊती जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत.

आणखी एक गोष्ट, जी सहसा पुस्तकात नसते: माणसाच्या त्वचेच्या तेलकटपणात कोलेस्टेरॉल असतं. उघड्या बोटाने व्हायलच्या तोंडाला स्पर्श केलात तर ते बोट पीक होऊन दिसेल. प्रत्येक बॅचमध्ये ऊती सोडून सगळं असलेल्या दोन कोऱ्या नळ्या चालवा. तिथे दिसलेलं कोलेस्टेरॉल हाताचं आणि काचेचं.

हवेपासून राखण

अर्क नायट्रोजनच्या मंद झोतात, ३५ अंशांच्या आत सुकवा. सुकलेला थर म्हणजे सगळ्यात नाजूक अवस्था. काचेवर पसरलेल्या त्या पातळ पापुद्र्याला हवा सगळीकडून भिडते. रात्रभर तसा ठेवू नका, वीज जाईल अशा वेळी सुकवायला घेऊ नका. सुकलं की लगेच विरघळवा, वर आर्गॉन भरा, गडद रंगाच्या व्हायलमध्ये उणे ८० ला. एस्टर मोजायचे असतील तर विरघळवायला आयसोप्रोपेनॉल घ्या. मिथेनॉलमध्ये एस्टर नीट विरघळत नाहीत आणि तळाशी राहिलेला थर कुणाला दिसत नाही.

अर्काचे आता दोन भाग करा. थोडासा भाग भरपूर पातळ करून मुक्त कोलेस्टेरॉल आणि एस्टरसाठी. उरलेला ऑक्सिस्टेरॉलसाठी. ऑक्सिस्टेरॉलही बरेचदा एस्टर होऊन बसलेले असतात, त्यामुळे एकूण हवे असतील तर ते सोडवावे लागतात: ०.३५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड इथेनॉलमध्ये, आर्गॉनखाली, खोलीच्या तापमानाला दोन तास, मग फॉस्फोरिक ॲसिडने उदासीन करून पुन्हा अर्क. गरम करून वेळ वाचवू नका. गरम अल्कलीत ७-कीटोकोलेस्टेरॉल मोडतं, आणि हवा लागल्याचा तुमचा धोक्याचा इशाराच नाहीसा होतो.

त्यानंतर कोलेस्टेरॉल वेगळं काढा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण तेच पुढच्या सगळ्या भेसळीचा कच्चा माल आहे. १०० मिलिग्रॅम सिलिकाची काडतुसं (रेणू धरून टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या भरलेल्या छोट्या नळ्या) घ्या, अर्क टोल्युइनमध्ये चढवा, हेक्झेनने धुवा. मग हेक्झेनमध्ये अर्धा टक्का आयसोप्रोपेनॉलने कोलेस्टेरॉल उतरतं, आणि ३० टक्क्यांनी ऑक्सिस्टेरॉल. हे प्रमाण तुमच्या काडतुसांवर एकदा स्टँडर्ड चालवून तपासून घ्या.

इशारा ओळखायचा कसा? हवेची क्रिया मुख्यतः सातव्या कार्बनवर आणि पाच-सहाच्या दुहेरी बंधावर होते. सत्ताविसाव्या कार्बनवर एंझाइमच काम करतं. त्यामुळे ७-कीटो आणि ७-बीटा-हायड्रॉक्सी दोन्ही एकाच बॅचमध्ये सरसकट वाढलेले दिसले, तर आधी आपल्या टेबलाकडे बघा. पक्का पुरावा हवा असेल तर एका वेगळ्या नळीत ऊतीसोबत फक्त डी-७ कोलेस्टेरॉल (सात ड्युटेरियम असलेलं) घाला आणि सगळ्या पायऱ्यांतून न्या. शेवटी डी-७ असलेलं ७-कीटो दिसलं, तर ते पेशंटचं असूच शकत नाही. नळी वेगळी अशासाठी की नेहमीच्या नळीत डी-७ चं ७-कीटो स्टँडर्ड म्हणून घातलेलं असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतील. घातलेलं डी-७ कोलेस्टेरॉल मुळातच शुद्ध आहे ना, हेही आधी बघून ठेवा.

मशीनवर

कोलेस्टेरॉलला आयन व्हायचा कंटाळा. जो होतो तो पाणी गमावून ३६९ या वस्तुमानावर दिसतो. एस्टर अमोनियम जोडून येतात आणि तुटून तेही ३६९ देतात: ओलिएट ६६८.६ वरून, लिनोलिएट ६६६.६ वरून, पाल्मिटेट ६४२.६ वरून, ॲराकिडोनेट ६९०.६ वरून. इथेच नवशिक्यांची एक चूक होते. एस्टर आयनस्रोतातच तुटले तर त्यांचं ३६९ मुक्त कोलेस्टेरॉल म्हणून मोजलं जातं. म्हणून कॉलमवर दोघं वेगळे झालेच पाहिजेत, नुसत्या वस्तुमानावर विसंबायचं नाही. एस्टरच्या आजूबाजूला ट्रायग्लिसराइडही उतरतात आणि चरबीदार तुकड्यात सिग्नल दाबून टाकतात. ड्युटेरियमवाल्या एस्टरचं पीक त्या तुकड्यांत अचानक बुटकं झालं की समजा.

२४-, २५- आणि २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल तिघांचं वस्तुमान एकच. तिन्ही स्टँडर्ड आधी एकेकटं चालवा, मग मिश्रण, मग ऊतीत मिसळून. २४ आणि २५ अगदी खेटून येतात. नावाचाही घोळ आहे: काटेकोर नामकरणात आपलं २७-हायड्रॉक्सी म्हणजे (२५आर)-२६-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल. बाटली मागवताना त्याच नावाने शोधावी लागते, नाहीतर चुकीचा रेणू येतो आणि महिना जातो. संवेदनशीलता कमी पडली तर कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजने तिसऱ्या कार्बनवर कीटोन करून त्याला गिरार्ड पी हा विद्युतभार असलेला रेणू लावायची पद्धत आहे. सिग्नल भरपूर वाढतो, पण ती दुसऱ्या वर्षी शिका.

गाठी एका दिवशी आणि नॉर्मल दुसऱ्या दिवशी चालवू नका. चिठ्ठ्या टाकून क्रम मिसळा. सगळ्या अर्कांचा थोडा थोडा भाग घेऊन एक मिश्र सॅम्पल बनवा आणि दर आठ-दहा इंजेक्शननंतर तेच चालवा. ते सरकायला लागलं की थांबा.

वहीत काय हवं

प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: पाळी सुरू की बंद, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू या प्रथिनाचा निकाल, ग्रेड, ऑपरेशनआधी केमो किंवा हार्मोनची गोळी झाली का, स्टॅटिन चालू आहे का. टॅमॉक्सिफेन हे हार्मोन अडवणारं औषध कोलेस्टेरॉल घडण्याच्या शेवटच्या पायऱ्यांतली एंझाइम अडवतं, त्यामुळे मधलेच स्टेरॉल साचतात. ही नोंद नसेल तर असा तुकडा तुम्हाला नव्या शोधासारखा वाटेल. आकडे तीन प्रकारे मांडा: वजनामागे, फॉस्फोलिपिडमागे आणि २७-हायड्रॉक्सीचं मुक्त कोलेस्टेरॉलशी गुणोत्तर. तिन्हींत दिशा एकच असेल तर पुढे जा. फक्त वजनामागेच फरक दिसत असेल तर स्लाइड पुन्हा काढा, आणि पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून त्या तुकड्यात चरबी किती होती ते पुन्हा मोजून घ्या.